जुनी कंपनी फाइल देत नाही म्हणता? फाइल मागूच नका, कागद मागा

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांना पण कळेल. हे भाऊ वाळूजला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत होते. जून २०१४ ला लागले, पहिली पावणेतीन वर्षं ठेकेदाराच्या नावावर, एप्रिल २०१७ ला कंपनी रोलवर (थेट कंपनीच्या नोकरीत) आले आणि मार्च २०२४ ला राजीनामा दिला. आता नवीन ठिकाणी काम लागतंय तर तिथं सर्व्हिस सर्टिफिकेट आणि शेवटच्या पगारस्लिपा मागायलेत, आणि इकडं जुन्या कंपनीनं ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना वर्षांप्रमाणे मिळणारी रक्कम) सातच वर्षांची काढून खात्यावर टाकली. एचआरला तीन फोन झाले, एकदा गेटवर पण जाऊन आले, उत्तर एकच, तुमची पर्सनल फाइल हेड ऑफिसला गेली, ती देता येत नाही. आता भाऊ विचारतात, माझ्याच फाइलवर माझा हक्क नाही का? आणि वकिलाच्या फीचं काय?

मी चौदा वर्षं अशाच एका कंपनीत काढली, आधी टाइम ऑफिसला मग पर्सनलला, नंतर वकिलीची सनद घेतली आणि आता कामगारांच्या बाजूनं लेबर कोर्टात उभा राहतो. म्हणजे फाइल न देणारा माणूस पण एकेकाळी मीच होतो, त्यामुळं तिकडं टेबलाच्या पलीकडं काय चालतं ते सांगू शकतो.

सरळ उत्तर तुम्हाला आवडणार नाही. खाजगी कंपनीत "माझी अख्खी पर्सनल फाइल दाखवा" म्हणायचा सरसकट हक्क आपल्या कायद्यात नाही. युरोपात तसा आहे, तिथं माणूस एक अर्ज टाकतो आणि कंपनीला साधारण महिन्याभरात त्याच्याबद्दलची माहिती द्यावी लागते, ते वाचून इकडचे लोक पण तसंच मागतात आणि मग तोंडावर पडतात. पण तुमचा खरा प्रश्न फाइलचा नाहीच आहे. तुम्हाला दोन गोष्टी सिद्ध करायच्यात, एक तुम्ही तिथं होतात आणि अमुक पगार होता, आणि दुसरी तुम्ही २०१७ नाही तर २०१४ पासून होतात. यातल्या एकाही गोष्टीसाठी ती फाइल लागत नाही.

फाइलमध्ये असतं काय ते ऐका. खाकी पुठ्ठ्याची फाइल, आत तुमचा अर्ज, बायोडाटा, टीसीची झेरॉक्स, नेमणूकपत्र, पीएफचं नॉमिनेशन, वाढीची पत्रं, कधी दिलेलं वॉर्निंग लेटर, आणि मधे मधे साहेबांनी पेन्सिलनं लिहिलेले शेरे. हजेरी त्यात नसते, ती मस्टरला. पगार त्यात नसतो, तो वेज रजिस्टरला. पीएफ आणि ईएसआयची (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) चलनं अकाउंटला नाहीतर बाहेरच्या कन्सल्टंटकडं. माणूस सोडून गेला की फाइल लेफ्टच्या कपाटात जाते आणि कपाट भरलं की गोणीत, हे मी स्वतः केलंय, सुतळीनं गठ्ठे बांधून. त्यामुळं हेड ऑफिसला गेली हे बऱ्याचदा कुणाला गोण्या उपसायच्या नसतात म्हणून सांगितलं जातं.

आणि "फाइल द्या" म्हटलं की एचआरला नाही म्हणणं लई सोपं जातं, कारण फाइल खरंच कंपनीची असते आणि ते पेन्सिलचे शेरे कुणालाच दाखवायचे नसतात. पण तुम्ही "मार्च २०२४ ची पगारस्लिप" म्हटलं तर त्याला कारण सापडत नाही. माझ्याकडं पैठणकडचा एक पोरगा यायचा, चार वेळा मी त्याला साहेब नाहीत, फाइल सापडत नाही करून परत पाठवला, खोटं कशाला बोलू. पाचव्या वेळी तो वहीच्या पानावर चार ओळी लिहून घेऊन आला, कोणता कागद, कोणत्या तारखेचा, आणि खाली सही, आणि पोच मागितली. प्लांट हेडनं ते पान बघितलं आणि मला म्हणाले, देऊन टाक रे बाबा, हे उद्या लेबर ऑफिसला दिसंल. तेव्हापासून मी हेच सांगतो, फाइल मागू नका, कागदाचं नाव घ्या. आणि त्याच्या पण आधी, तोच कागद दुसऱ्या कुठल्या ऑफिसात तुमच्या नावानं पडलाय का ते बघा.

तर पहिलं काम कंपनीकडं जायचं नाहीच, मोबाइल हातात घ्यायचा. पीएफच्या मेंबर पोर्टलवर यूएएन (पीएफचा तुमचा कायमचा नंबर) टाकून सर्व्हिस हिस्टरी उघडा. तिथं कोणत्या आस्थापनेत कधी लागला आणि कधी सोडलं ते येतं. ठेकेदारानं २०१४ मध्ये तुमचा पीएफ खरंच भरला असेल तर त्याचं नाव आणि जॉइनिंगची तारीख तिथं वेगळ्या मेंबर आयडीखाली दिसेल. यूएएन २०१४ सालीच सुरू झालाय, त्यामुळं त्या वर्षीच्या लोकांचे कधी कधी दोन दोन यूएएन निघालेत, एक ठेकेदाराचा एक कंपनीचा, म्हणून एकच हिस्टरी बघून हात झटकू नका, जुनी पीएफ स्लिप किंवा मेसेज शोधा. मग पासबुक काढा. पासबुकात दर महिन्याचा पीएफ ज्या पगारावर कापला तो आकडा असतो आणि तुमचा १२ टक्के हिस्सा असतो, म्हणजे ती एक प्रकारे महिन्या महिन्याची पगारनोंदच झाली, आणि ती कंपनीनंच भरलेल्या माहितीतून आलीय, उद्या कंपनीला ती खोटी म्हणता येत नाही. नवीन ठिकाणच्या एचआरला हे पासबुक आणि बँकेचं पगार जमा झालेलं स्टेटमेंट दाखवा, दहातली आठ ठिकाणं तेवढ्यावर ऐकतात.

पोर्टलवर असतानाच एक बघा, डेट ऑफ एक्झिट, म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख, टाकलीय का. जुन्या कंपन्या मुद्दाम टाकत नाहीत आणि मग पीएफ ट्रान्सफर अडकतो. शेवटचा हप्ता भरून दोन महिने झाले की ती तारीख तुम्ही स्वतः टाकू शकता, २०२० पासून ती सोय आहे, त्यासाठी कुणाच्या पाया पडायची गरज नाही. जन्मतारीख पण तपासा. आपल्याकडं अर्ध्या गावाचा वाढदिवस मास्तरांच्या कृपेनं १ जूनला असतो, आधारवर एक, टीसीवर एक, पीएफला तिसरीच, आणि ही दुरुस्ती जॉइंट डिक्लरेशननं (कामगार आणि कंपनीच्या एकत्र अर्जानं) होते, त्यात बऱ्याचदा जुन्या कंपनीची मंजुरी लागते. म्हणजे ही गोष्ट खरोखर कंपनीकडून हवी आहे, ती पत्रात घालायची.

ईएसआयचं तसंच. ठेकेदाराच्या काळात कार्ड काढलं असेल तर त्यावर कंपनीचा कोड आणि नोंदणीची तारीख असते. जालन्याच्या एका रोलिंग मिलच्या केसमध्ये माझ्याकडं नेमणूकपत्र नव्हतं, स्लिप नव्हती, हजेरी कार्ड पण नव्हतं, पण बायकोच्या डिलिव्हरीच्या वेळी दाखवलेलं ईएसआयचं कार्ड घरात जपून ठेवलेलं होतं आणि त्यावरची तारीख कंपनी सांगत होती त्याच्या दोन वर्षं आधीची निघाली. समोरच्या वकिलानं मग उलटतपासणी आवरती घेतली.

फॉर्म १६ साठी, म्हणजे पगारातून कापलेल्या टॅक्सच्या दाखल्यासाठी, लोक लई भांडतात. टॅक्स कापलाच नसेल तर तो येणार कुठून, आणि कापला असेल तर इन्कम टॅक्सच्या साइटवर २६एएस मध्ये पॅनच्या खाली तो दिसतोच. तुमच्या पगाराला बहुतेक कापला नसणार, तो विषय सोडून द्या.

आता कंपनीकडून नक्की काय मागायचं. सर्व्हिस सर्टिफिकेट मागायचं, ते मागायचा आधार आहे. स्टँडिंग ऑर्डर (नोकरीच्या अटींचे नियम) ज्या कारखान्यांना लागू आहेत तिथं कायम कामगाराला नोकरी संपताना सर्व्हिस सर्टिफिकेट मिळायलाच पाहिजे, आणि ठेकेदाराच्या कामगाराला ते ठेकेदारानं द्यायचं असतं, कंत्राटी कामगारांच्या नियमात तसं लिहिलंय. तुम्ही मशीनवर होतात म्हणून हे तुम्हाला लागू पडतंय. हेच जर कुणी सुपरवायझर मॅनेजर असेल, हाताखाली माणसं असतील, रजा मंजूर करत असेल, तर तो कामगार धरायचा का नाही इथूनच वाद चालू होतो, त्याला नेमणूकपत्रात काय लिहिलंय ते बघावं लागतं. सगळ्यांना एकच उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पगारस्लिपचं असं आहे, महिन्याच्या महिन्याला देणं बंधनकारक आहे, पण दोन वर्षांनी परत छापून द्या असं कुठं स्पष्ट लिहिलेलं नाही. तरी मागायची, कारण वेज रजिस्टर शेवटच्या नोंदीनंतर तीन वर्षं जपायचं असं १९३६ च्या पेमेंट ऑफ वेजेस कायद्यात होतं. तुमची शेवटची नोंद मार्च २०२४ ची धरली तर मार्च २०२७ नंतर कंपनी निवांत म्हणेल की रेकॉर्ड नष्ट केलं. लेखी मागणी त्याच्या आत त्यांच्या टेबलावर पडली पाहिजे, मग त्यांनी रजिस्टर फाडलं तरी ते त्यांच्याच अंगाशी येतं. मी घाई करा म्हणतो ती याच्यासाठी, बाकी कशाला घाई नाही.

इथं एक सांगून ठेवतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड, म्हणजे नवीन कामगार कायदे, लागू झालेत. तुमचा राजीनामा त्याच्या आधीचा आहे म्हणून मी जुन्या कायद्यांची नावं घेतोय. ज्यांनी त्यानंतर नोकरी सोडली त्यांचं गणित थोडं वेगळं आहे, त्यांना राहिलेला पगार सोडल्यापासून दोन कामाच्या दिवसांत मिळायला पाहिजे आणि नेमणूकपत्र तर आता सगळ्यांनाच द्यायचंय.

ग्रॅच्युइटीवर येऊ, तुमचे खरे पैसे तिथं आहेत. तुम्ही शेवटचं बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून महिन्याला १८,२०० लिहिलंय. हिशोब १५ भागिले २६ चा, महिना २६ दिवसांचा धरून दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, म्हणजे वर्षाला १०,५००. सात वर्षांचे ७३,५०० त्यांनी दिले. जून २०१४ पासून धरलं तर नऊ वर्षं नऊ महिने होतात, सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात म्हणून दहा वर्षं, म्हणजे १,०५,०००. फरक ३१,५०० आणि त्याच्यावर उशिराचं व्याज.

पण हे ३१,५०० मिळतीलच असं मी म्हणणार नाही. ठेकेदार खरा होता का नावाला होता याच्यावर सगळं आहे. काम कोण सांगायचं, कंपनीचा सुपरवायझर का ठेकेदाराचा? रजा कोण मंजूर करायचं? ठेकेदार बदलला तरी तुम्ही त्याच मशीनवर होतात का? आणि तेव्हा तुम्ही जे काम करत होतात तेच २०१७ नंतर पण केलं का? या सगळ्याला कंपनी हेच उत्तर असेल तर मांडण्यासारखी केस आहे. ठेकेदाराचाच मुकादम, त्याचीच हजेरी, त्याचाच पगार असेल तर अवघड आहे, आणि एकट्या ठेकेदाराकडं पाच वर्षं भरत नाहीत म्हणून त्याच्याकडून पण काही निघत नाही.

आणि इथंच कागद कामाला येतात. ठेकेदाराच्या वेज रजिस्टरवर कंपनीच्या माणसानं पगारवाटपाच्या खाली सही करायची असते, माझ्यासमोर हे दिलं म्हणून. मी अशा शेकड्यानं सह्या केल्यात, वाचता न वाचता. ते रजिस्टर कोर्टात आलं की मूळ कंपनीला आम्ही या माणसाला ओळखतच नाही म्हणता येत नाही. ठेकेदाराला लायसन्स होतं का, कोणत्या कामासाठी, किती माणसांचं, हे सरकारी कामगार ऑफिसात असतं, तिथं माहिती अधिकारात अर्ज करता येतो. दहा रुपये फी आणि तीस दिवसांची मुदत. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवायचा, त्यात तुमची सगळी कर्मकहाणी लिहायची नाही, नाहीतर त्याच कारणानं परत येतो. पीएफ ऑफिसला पण माहिती अधिकार लागू आहे, तिथं स्वतःच्या नोंदी मागा, दुसऱ्या कामगारांच्या मागू नका, त्या खाजगी माहिती म्हणून नाकारतात.

खाजगी कंपनीला मात्र माहिती अधिकार थेट लागू नाही, हे दर आठवड्याला कुणाला तरी सांगावं लागतं. झेडपी, महामंडळ, एसटी, सरकारी दवाखाना, अनुदानित शाळा इथं होता तर गोष्ट वेगळी, तिथं सेवापुस्तकाची कॉपी, गोपनीय अहवाल सगळं माहिती अधिकारात मागता येतं, आणि गोपनीय अहवालातला शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे असं सुप्रीम कोर्टानं देव दत्तच्या केसमध्ये २००८ साली सांगून ठेवलंय.

व्हॉट्सॲपवर एक फिरतंय की नवीन डेटा कायदा आला, आता कंपनीला सगळी माहिती द्यावीच लागते. कायदा आलाय खरा, २०२३ चा, आणि नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण माहिती मागायच्या हक्काचा भाग अठरा महिन्यांनी म्हणजे मे २०२७ च्या आसपास चालू होतो. आणि तेव्हा पण मेख आहे. तो हक्क मुख्यतः तुम्ही संमती देऊन दिलेल्या माहितीला आहे, आणि नोकरीच्या कामासाठी कंपनी जी माहिती वापरते तिला संमतीच लागत नाही असं वेगळं कलम त्यात घातलंय. आता कोर्ट त्याचा अर्थ कसा लावतं ते पुढं बघू. त्याच्या भरवशावर तुमचं काम थांबवू नका.

एक हक्क मात्र कुणी सांगत नाही. प्लेटिंग, पेंट शॉप, केमिकल अशा धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात काम केलं असेल तर तुमच्या तपासणीचं रेकॉर्ड, रक्ताचे रिपोर्ट, एक्सरे, ऐकण्याची टेस्ट, हे ठेवणं कंपनीवर आहे आणि ते कामगाराला बघायला मिळालं पाहिजे, फॅक्टरी ॲक्टच्या ४१-सी मध्ये ते लिहिलेलं होतं. दरवर्षी व्हॅन येते, रक्त काढतात आणि रिपोर्ट कुणाच्या हातात पडत नाही, मग दहा वर्षांनी छातीचं दुखणं निघालं की कशानं झालं ते दाखवायला काही नसतं. तुम्ही पेंट शॉपला होतात का ते लिहिलं नाही, पण असाल तर पत्रात ही एक ओळ वाढवा.

पत्र कसं लिहायचं. एक पान, मराठीत चालतं. वर टोकन नंबर, डिपार्टमेंट, लागल्याची आणि सोडल्याची तारीख. मग नुसतं एवढंच: सर्व्हिस सर्टिफिकेट, शेवटच्या सहा महिन्यांच्या पगारस्लिपा, ग्रॅच्युइटी कशी मोजली त्याचा कागद, आणि असेल तर ती जन्मतारखेची मंजुरी. पंधरा दिवसांत द्या म्हणायचं. वकिलाची भाषा नको, धमकी नको, मला फसवलं वगैरे तर बिलकुल नको, कारण तेच पान उद्या कोर्टात जाणार आहे. तुमचे ओरिजिनल मार्कशीट त्यांच्याकडं अडकले असतील तर त्याच्यासाठी वेगळं पत्र लिहा, ते अडकवून ठेवायचा हक्क कंपनीला कुणीच दिलेला नाही. पत्र ईमेलनं पाठवा आणि पोस्टानं पण. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालीय, तर स्पीड पोस्ट करा आणि पावती अन ट्रॅकिंगची प्रिंट त्याच दिवशी काढून ठेवा, पावतीची शाई चार महिन्यांत उडते.

पंधरा दिवसांत काही नाही आलं, किंवा ग्रॅच्युइटीचं उडवाउडवीचं उत्तर आलं, तर ग्रॅच्युइटीसाठी फॉर्म एन भरायचा. आपल्याकडं हा अर्ज लेबर कोर्टात चालतो. त्याला नव्वद दिवसांची मुदत असते, तुमची उलटून गेलीय, पण उशीर का झाला ते पटवून दिलं तर माफ होतो, त्यामुळं उशीरमाफीचा अर्ज सोबतच लावायचा. तिथं फायदा असा की त्या कोर्टाला कागद हजर करा म्हणून हुकूम द्यायचा दिवाणी कोर्टासारखा अधिकार आहे. म्हणजे गेटवर ज्या मस्टरसाठी तुम्हाला दारात उभं केलं तेच मस्टर मागवायचा अर्ज तुम्ही तिथं देता, आणि कंपनीनं ते दडवलं तर कोर्ट त्याचा अर्थ कंपनीच्या विरोधात लावू शकतं. लावू शकतं म्हणतो, लावतंच असं नाही. वर्षात २४० दिवस काम भरल्याचं (त्यावरच सलग नोकरी धरतात) आधी थोडंफार कामगारालाच दाखवावं लागतं, नुसतं शपथेवर मी होतो म्हणून भागत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २००२ सालीच सांगितलंय. म्हणून ते पीएफचं पासबुक आणि ईएसआयचं कार्ड आधी हातात पाहिजे, मग कंपनीच्या रजिस्टरचा अर्ज. उलटं केलं की केस लोंबकळते.

फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या, कागदावर "काही येणं बाकी नाही" म्हणून सही केली असेल तर घाबरू नका, ग्रॅच्युइटीचा कायद्यानं येणारा पैसा अशा सहीनं सुटत नाही.

वकिलाच्या फीचं विचारलंत. संभाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, औद्योगिक कामगाराला तिथं मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही, हे तिथल्या टेबलावर कुणी नाही म्हणालं तर १९८७ च्या कायद्याचं कलम १२ काढून दाखवा. जाताना पासबुकाची प्रिंट, बँक स्टेटमेंट, पत्राची पोच घेऊन जा. आणि २०१४ ते १७ मध्ये तुमच्याबरोबर ठेकेदाराकडं कोण कोण होतं त्यांची नावं आणि आता ते कुठं आहेत ते घरी बसूनच एका कागदावर लिहून काढा, दोन जण साक्षीला आले तर बरं, कुणी अजून त्याच कंपनीत असेल तर त्याला सध्या फोन करू नका, त्याची नोकरी धोक्यात येईल.